नेट पास म्हणजे फेलोशिप नव्हे

"नेट पास झालात की पीएचडीला महिना ३७,००० रुपये, मराठी-इतिहासवाल्यांनासुद्धा!" असा निरोप विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. रक्कम खरी आहे, वाक्य अर्धवट.

जून २०२४ पासून यूजीसी-नेटचा (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल पात्रतेच्या तीन गटांत लागतो. जेआरएफसह (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचे मासिक विद्यावेतन) सहायक प्राध्यापकपद हा पहिला, सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश हा दुसरा, नुसता पीएचडी प्रवेश हा तिसरा. फेलोशिप फक्त पहिल्याला. बाकीच्यांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी चालतात, तेही एकच वर्ष. खात्यात दमडी येत नाही. जेआरएफवाल्यांनाही आधी पीएचडीची नोंदणी करावी लागते. मग पहिली दोन वर्षे ३७,०००, पुढे कामाचे मूल्यमापन होऊन ४२,०००, सारे मिळून जास्तीत जास्त पाच वर्षे.

विज्ञानवाल्यांची फेलोशिप मोठी असते, ही जुनी कुरकुरही चुकीची. विज्ञानवाल्यांना जेआरएफ देणाऱ्या सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) जेआरएफची मासिक रक्कम तेवढीच आहे. फरक पडतो तो किरकोळ खर्चाच्या अनुदानात: यूजीसी सुरुवातीला मानव्यविद्यांना वर्षाला १०,००० देते, विज्ञानाला १२,०००. (मानव्यविद्यावाल्यांना पुस्तके काय फुकट मिळतात?)

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप वेगळ्या. त्यांच्या जाहिराती स्वतंत्रपणे निघतात.