‘फक्त ९९ छापली’ म्हणून कार्डाला भाव येत नसतो

दारव्हा, दिग्रस, नेर भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सार असा: ‘अमेरिकेत एका खेळाडूचं कार्ड १०० कोटींना विकलं गेलं. खेळाडूच्या पहिल्या वर्षाचं कार्ड, म्हणजे रुकी कार्ड, वर त्याची सही आणि छापलेली फक्त ९९, हे सोन्यापेक्षा भारी. आता आपल्या क्रिकेटपटूंची अशी कार्डं सर्टिफिकेटसह मिळतात. आज १४ हजार भरा, पाच वर्षांत दहापट. घरात जुनी कार्डं असतील तर तीही लाखांत घेऊ, फक्त नोंदणी फी आधी भरा.’

असे मेसेज रोज येतात आणि मी ते पुसून टाकतो. पण माझ्या भाच्याने कापसाच्या चुकाऱ्यातले १४ हजार यात घातले, आणि दुसऱ्या कार्डासाठी तो ताईच्या मागे लागला. मी विचारलं तर म्हणाला, “मामा, ९९च छापले म्हन्ते, मंग भाव वाढनच नं.” वर्षभर राबून आलेला पैसा एका पुठ्ठ्याच्या तुकड्यात गेला आणि पोराला त्यात काही वावगं वाटत नाही, म्हणून हे लिहितो आहे. मी स्वतः बरीच वर्षं खेळाडूंची कार्डं, म्हणजे त्यांचे फोटो छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे, आणि सह्या जमवतो. या छंदाच्या नावावर कोणी शेतकऱ्याला लुबाडत असेल तर गप्प बसवत नाही.

आधी ते १०० कोटी. हा आकडा खरा आहे, एवढं मान्य करावं लागेल. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपये होतात. पण त्या कार्डावर सही नव्हती! आणि ते त्याचं रुकी कार्डही नव्हतं. त्याचं रुकी कार्ड १९५१ सालचं, बोमन कंपनीचं. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपल्याकडून पैसे मागतात, त्या दोन्ही त्या शंभर कोटींच्या कार्डात नाहीत.

मग ते महाग का? ती कार्डं कोणी ‘मर्यादित’ म्हणून छापलीच नव्हती. पोरांसाठी छापली, पोरांनी वापरली, मळवली, आयांनी रद्दीत टाकली. त्या वर्षी उशिरा निघालेल्या मालिकेचे खोके विकले गेले नाहीत, तेव्हा १९६० मध्ये ते समुद्रात नेऊन बुडवले, असं टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलेलं आहे. मँटल त्याच मालिकेत होता. पुढे तो सात वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिका, जिंकणारा खेळाडू म्हणून अमेरिकेच्या घराघरात पोचला. एका बाजूला कार्डं नष्ट झालेली, दुसऱ्या बाजूला लाखो लोकांना ती हवी असलेली, आणि हे एक कार्ड सत्तर वर्षं जवळपास नव्यासारखं राहिलेलं. हे तिन्ही जुळलं तेव्हा तो भाव आला.

सही असलेल्या रुकी कार्डांना मोठा भाव मिळतच नाही, असंही मी म्हणणार नाही. बास्केटबॉलच्या लेब्रॉन जेम्सचं २००३-०४ चं सहीचं रुकी कार्ड २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं. ते त्याच्या जर्सीच्या क्रमांकाइतकं, म्हणजे २३च छापलं होतं. पण ती सही कंपनीने स्वतः खेळाडूकडून करून घेतलेली होती, ज्या संचातून ते कार्ड निघालं तो नामांकित होता, आणि नाव लेब्रॉन जेम्स होतं. यातलं काय आपल्या मेसेजवाल्याकडे आहे?

आता ‘फक्त ९९’ बद्दल. भाच्याचा आणि बहुतेकांचा पाय इथेच घसरतो.

खऱ्या कंपन्यांची कार्डंसुद्धा कशी निघतात ते पाहा. फोटो तोच, कार्ड तेच, नुसता कडेचा रंग बदलतो. निळ्या कडेची १५०, हिरव्या कडेची ९९, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५, आणि शेवटी एकुलतं एक. झाली ३३०. यात साधी, क्रमांक नसलेली कार्डं धरलेली नाहीत. त्याच वर्षी त्याच खेळाडूचे असेच दुसरे संच निघतात, ते वेगळेच. हिरवं घेणाऱ्याला वाटतं जगात ९९च आहेत. टंचाई ठरवून छापता येते. मागणी छापता येत नाही. ज्या खेळाडूचं कार्ड जगात दहा माणसांना हवं आहे, त्याची ९९ कार्डं म्हणजे गरजेपेक्षा ८९ जास्त.

ही झाली खऱ्या कंपनीची गोष्ट. भाच्याचं कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. मागे छापणाऱ्याचं नाव नाही, संचाचं नाव नाही, साल नाही, संचातला क्रमांक नाही. फक्त सोनेरी अक्षरांत ३७/९९, म्हणजे ९९ पैकी ३७वं. अशी ९९ कार्डं तालुक्याच्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे एका दुपारी छापून मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी आणखी ९९ छापायला त्याला कोणी अडवत नाही.

सही तर त्याहून वाईट. मेसेज म्हणतो, सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट कोणाचं? विकणाऱ्याचंच. अमेरिकेत एफबीआयने नव्वदच्या दशकात सॅन दिएगोहून ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाचा तपास केला. बनावट सह्या करणाऱ्यांची मोठी साखळी त्यात सापडली. बॅट, बॉल, फोटो, कार्डं, सगळ्यांवर सह्या ठोकून देशभर विकल्या जात होत्या, आणि सोबत सर्टिफिकेटही मिळत होतं. जप्त मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेला बेसबॉलचा चेंडूसुद्धा होता. तेसुद्धा विकायला ठेवण्याची त्यांची हिंमत होती! बाजारातल्या नामांकित खेळाडूंच्या सह्यांपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा त्या वेळी जाणकारांचा अंदाज होता. हे जिथे तपासणाऱ्या कंपन्या आहेत, कोर्ट आहे, सजग गिऱ्हाईक आहे तिथलं. आपल्याकडे त्या खेळाडूची खरी सही कशी दिसते हेच गावात कोणाला माहीत नसतं, मग ताडून कशाशी पाहणार?

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला घरी करता येते. सोनाराकडचं किंवा घड्याळवाल्याकडचं भिंग आणा आणि सही पाहा. सही बारीक बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली, बाकी फोटोसारखीच, तर ती छापलेली आहे. पेन तिथे लागलेलंच नाही. खऱ्या मार्करची शाई सलग असते, चकाकत्या कागदावर वर बसलेली दिसते, कार्ड तिरपं धरलं की वेगळी चमकते. भाच्याच्या कार्डावर ठिपके आहेत. सलग शाई दिसली म्हणजे सही त्याच खेळाडूची, असं मात्र नाही. कोणीतरी पेनाने केली एवढंच. पुढचं काम पीएसए, बेकेट, जेएसए यांच्यासारख्या त्रयस्थ संस्थांचं. तपासलेलं कार्ड ते प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. त्या डबीवरचा क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर टाकून पाहता येतो. तिथेही फोटो असेल तर जुळवून पाहा, कारण खरा क्रमांक उचलून खोट्या डबीवर घालणारे आहेत.

‘रुकी’ शब्दाचाही क्रिकेटमध्ये असा वापर म्हणजे धूळफेक. बेसबॉलमध्ये २००६ पासून रुकी कार्डावर तशी खूणच छापतात, वाद उरत नाही. क्रिकेटमध्ये असा सर्वमान्य नियम नाही. आपला उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला, २०१० मध्ये भारताकडून एकदिवसीय, २०११ मध्ये कसोटी. यातलं पहिलं वर्ष कोणतं धरायचं? विकणारा त्याला सोयीचं ते सांगतो.

‘पाच वर्षांत दहापट’ला एवढंच उत्तर पुरे: बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कंपनीचं रुकी कार्ड, दहापैकी दहा दर्जाचं, जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, आणि वर्ष-दीड वर्षात तसंच कार्ड निम्म्याहूनही कमी भावात मिळू लागलं. जॉर्डनची ही गत, तर बाकीच्यांचं काय. भाव पाहायचाच असेल तर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाचा पाहा; ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर तशी वेगळी यादी निघते. मागितलेला भाव आणि काट्यानंतर हातात पडलेला चुकारा यातला फरक आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

राहिली जुन्या कार्डांची नोंदणी फी. बिग फनच्या बबलगमबरोबर मिळालेली, रन आणि विकेट लिहिलेली कार्डं अनेकांकडे असतील. मोठ्या मायेने जपा. पण ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला लाखो देतो म्हणणारे आणि हे, यांची रीत एकच आहे. आधी फी, मग टॅक्स, मग कुरिअर, मग फोन बंद. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात आपलं नाव वापरून लोकांकडून पैसे मागितले जात आहेत, आपण असं कमिशन कधीच मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं होतं. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागत नसतो.

भाच्याला सही हवीच असेल तर नागपूरजवळच्या जामठ्याला विदर्भाची रणजी मॅच असते, तिथे मी त्याला घेऊन जाईन. २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे याच संघाचा. समोर उभं राहून, आपल्या वहीवर, आपल्या पेनाने घेतलेली सही खरी की खोटी हे कोणाला विचारावं लागत नाही.

ज्यांनी पैसे पाठवले आहेत त्यांनी लाजून घरी बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे, आज लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. मेसेज, खात्याचा क्रमांक, पैसे गेल्याची पावती, यातलं काही पुसू नका. भाच्याकडून काल ही तक्रार करून घेतली आहे, आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला होता तिथे हा लेख तोच टाकणार आहे.