पॅसेंजर गाडी कोणाची?

दादर–रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहूनच सोडावी, या मागणीच्या बातम्या मी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी राहून गेली काही वर्षे वाचत आलो आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेली ही गाडी नंतर सुरू झाली ती ठाण्यापुढच्या दिवा स्थानकापासून, आणि तेव्हापासून वाद तिथल्या तिथेच घुटमळतो आहे. प्रवासी संघटना दादरचा आग्रह धरतात, रेल्वे दादर ते दिवा या टप्प्यातल्या गर्दीकडे बोट दाखवते, आणि दुपदरीकरण झाल्याशिवाय काहीच सुधारणार नाही असे जाणकार सांगतात. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ही गाडी नेमकी कोणाची, तिचा पल्ला कापला गेला तर कोकणातल्या माणसाने जाब कोणाला विचारायचा, हे या वादात फारसे कोणी विचारत नाही. टाळेबंदीनंतर देशभरच्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ ठरवून किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर नेले गेले आणि ते खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला, तेव्हाही हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

जर्मनीतल्या गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, हा आपल्याकडचा समज आता सोडून द्यायला हवा. २०२४ साली इथल्या राष्ट्रीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर पोहोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबात न धरता. मला इथून घेण्यासारखे वाटते ते वेगळेच आहे. १९९६ पासून प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी कायद्याने राज्यांकडे आली. केंद्र त्यासाठी दरवर्षी निधी देते, राज्य गाड्या ‘मागवते’, आणि दिवसाला किती फेऱ्या, किती आसने, फेरी रद्द झाली तर किती पैसे कापायचे, हे चालवणाऱ्या कंपनीबरोबरच्या करारात लिहिलेले असते. त्यामुळे गाडी बिघडली तरी तिचा धनी ठाऊक असतो आणि निवडणुकीत त्याला गाठता येते.

ब्योब्लिंगेनहून डेटेनहाउझेनला जाणारा श्योनबुख मार्ग अवघा सतरा किलोमीटरांचा. प्रवासी मिळत नाहीत म्हणून १९६६ मध्ये त्यावरची प्रवासी वाहतूक थांबली. पुढे दोन शेजारी जिल्ह्यांनी मिळून तो रेल्वेकडून एक मार्क या नाममात्र किमतीला विकत घेतला आणि डिसेंबर १९९६ मध्ये गाड्या पुन्हा सुरू केल्या. रोज अडीच हजार प्रवासी येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्यापासूनच त्याहून कितीतरी जास्त आले. अलीकडे मार्गाचे विद्युतीकरण झाले, काही भागात दुसरा रूळ पडला, आणि गर्दीच्या वेळी दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटते. याच मार्गावरच्या होल्त्सगेर्लिंगेनच्या फलाटावर मी अनेकदा पाहतो, एखादी आजीबाई आपला चाकांचा वॉकर ढकलत थेट डब्यात शिरते, कारण फलाट आणि डब्याची फरशी जवळजवळ एका पातळीवर आहेत. कोकणातल्या अनेक लहान स्थानकांवर फलाट अजून इतके बुटके आहेत की, तांदळाची पिशवी आधी वर फेकून मग दांडी धरून चढावे लागते.

या तुलनेला मर्यादा आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. श्योनबुखच्या रुळांवरून ना केरळला जाणारी एक्स्प्रेस धावते, ना ट्रक वाहणारी रो-रो. कोकण रेल्वेवर या सगळ्या एकाच रुळावरून जातात. तिचा रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण पुढे बहुतांश मार्ग एकेरीच आहे. समोरून वेगवान गाडी येत असली की पॅसेंजरला बाजूच्या रुळावर क्रॉसिंगला थांबावेच लागते, आणि पावसाळी वेळापत्रकात सगळ्यांचाच वेग उतरतो. दुपदरीकरण हवेच, पण ते होईपर्यंतची वर्षे वाया जाऊ द्यायची का?

माझी आत्या संगमेश्वरजवळ राहते. रत्नागिरीला डॉक्टरांकडे जायचे तर ती एसटी धरते, कारण तिच्या वेळेला गाडीच नाही. तिला दादरही नको आणि वंदे भारतही नको. सकाळी नेणारी आणि दुपारी परत आणणारी एक छोटी मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवर धावणारी गाडी, हवी. मार्च २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले, आणि गणपतीत दिवा–चिपळूण मेमू धावलेल्या आपण पाहिल्या आहेत. कोकण रेल्वे महामंडळाच्या स्थापनेत महाराष्ट्राचा वाटा २२ टक्क्यांचा होता, म्हणजे राज्याने रेल्वेत पैसा घालणे ही काही नवी गोष्ट नाही. चिपळूण ते रत्नागिरी आणि रत्नागिरी ते सावंतवाडी अशा चार-सहा फेऱ्या राज्य सरकारने तोटा भरून देण्याच्या अटीवर मागवाव्यात, त्यांच्या क्रॉसिंगच्या जागा आणि वेळा वेळापत्रकातच बांधून घ्याव्यात, आणि किती फेऱ्या वेळेवर धावल्या, किती रद्द झाल्या, हा आकडा दर महिन्याला प्रत्येक स्थानकावर मराठीत लावावा. गणपतीला येणारा मुंबईकर चार दिवसांत परत जातो. कोकणात बारमाही राहणाऱ्याच्या गाडीचा विचार या सगळ्या चर्चेत अजून शेवटीच होतो, आणि दादरच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा असूनही मी ही आत्याची मेमू त्या मागणीआधी मागेन.