तिकीट फुकट, पण बसायचं कुठे?

महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या प्रवासावरून गेली काही वर्षं दोन वाद चालू आहेत. एक रेल्वेचा. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळायची. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि करोना ओसरला तरी परत आली नाही. प्रत्येकच प्रवाशाच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भार आम्ही सोसतो, असं रेल्वेचं म्हणणं. दुसरा वाद एसटीचा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, त्याखालच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धं. तोट्यातल्या महामंडळाच्या गळ्यात हे लोढणं कशाला, असं एक बाजू विचारते. आयुष्यभर राबलेल्या माणसांना एवढंही देऊ नये का, असं दुसरी.

मी दुसऱ्या बाजूचा. सवलत हवी, रेल्वेचीही परत हवी. पण इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहून हे सगळं वाचताना सारखं वाटतं, की दोन्ही बाजू तिकीट खिडकीपाशीच थांबतात. सत्तरीतलं जोडपं समुद्रावर जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परत येईल की नाही, हे भाड्यावर फार थोडं ठरतं. ते ठरतं गाडीच्या पहिल्या पायरीवर, उतरल्यानंतरच्या दोनशे पावलांवर, आणि लघवीला कुठे जायचं या प्रश्नावर. तो प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. त्यापेक्षा "नकोच, घरीच बरं" असं म्हणून मोकळे होतात.

इथलं एक गाव उदाहरणाला घेतो. मिडल्सबरोजवळचं सॉल्टबर्न. १८६१ साली इथे रेल्वे आली आणि तिच्याबरोबरच हे सहलीचं गाव वसलं. गाव कड्यावर आणि वाळू खाली. मधला उतार सुमारे १२० फुटांचा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्याला परतीची वाट बंदच. त्यावर १८८४ साली काढलेला तोडगा आजही चालतो. रुळांवरचे दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले, एक वर आणि एक खाली. दोघांच्या पोटात पाण्याच्या टाक्या. खालच्या डब्यात किती माणसं बसली आहेत ते पाहून वरच्या डब्याच्या टाकीत पाणी सोडतात. वरचा जड झाला की ब्रेक सैल करायचा. तो खाली येतो आणि त्याच्या वजनाने दुसरा वर चढतो. खाली पोचल्यावर पाणी सोडून देतात आणि पंपाने परत वर नेतात. माणसांना ओढायला इंजिन लागत नाही. डब्यातून उतरलं की समोरच धक्का. तो १८६९ चा, लाकडी फळ्यांचा, वादळांनी आणि जहाजांच्या धडकांनी निम्म्याहून आखूड झालेला, तरी दोनशे मीटर समुद्रात जाणारा. चाकाची खुर्ची ढकलत नेली तर पाण्याच्या वरच उभं राहता येतं. पायाला वाळू लागत नाही.

तिथपर्यंत पोचायचं बसने. निवृत्तिवेतनाचं वय झालं, २०२६ ते २०२८ या काळात ते ६६ वरून टप्प्याटप्प्याने ६७ होणार, की पासवर बस फुकट. २००८ पासून हा पास सगळ्या इंग्लंडात चालतो. सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी साडेनऊनंतरच, म्हणजे कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर. ही अट मला रास्त वाटते. एसटीत सकाळी सातच्या गाडीला नोकरदार, शाळेची पोरं आणि फुकट पासवाले आजोबा एकाच दांड्याला लटकतात आणि वाहकावर तिघेही चिडतात. दुपारच्या रिकाम्या फेऱ्या त्याच वेळी तोट्यात धावत असतात. सवलतीचा खरा खर्च गर्दीच्या वेळच्या जागेचा असतो. रिकाम्या खुर्चीवर बसवलेला म्हातारा महामंडळाला फारसा महाग पडत नाही.

पायरीचं म्हणाल तर २०१७ पासून इथल्या सगळ्या मोठ्या स्थानिक बसगाड्यांना ठेंगणी पहिली पायरी आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतरता फळा किंवा लिफ्ट असणं कायद्याने बंधनकारक आहे. आपली लालपरी फुकट असली तरी तिची पहिली पायरी गुडघ्याएवढी, आणि दांडा धरायचा तर हातात पिशवी. ज्यांना अर्धांग झालं आहे किंवा ज्यांचा खुबा बदलला आहे, त्यांच्यासाठी ती गाडी फुकट असून नसल्यासारखीच.

जायचं कधी, हे मात्र कोकणातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी लांब गेलेलं असतं. ओली, दडपलेली, सिमेंटसारखी टणक वाळू मोकळी होते आणि काठी टेकत कितीही चालता येतं. अष्टमीच्या संध्याकाळी उलट. भरती ऐन सहाला, चालायला उरते ती वरची कोरडी भुसभुशीत वाळू. पाऊल रुततं, घोटा वळतो, दहा मिनिटांत मांड्या भरून येतात. आईवडिलांना समुद्रावर नेऊन "त्यांना काही मजा आली नाही" म्हणणाऱ्यांनी त्या दिवसाची तिथी पाहावी.

हा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. प्रत्येक किनाऱ्याचा भरतीचा ठोका वेगळा. सॉल्टबर्नला उधाणाच्या दिवसांत ओहोटी साधारण सकाळी दहा-अकराला असते आणि दुपारी चार-पाचला पाणी परत वर येऊन वाळूचा पट्टा अरुंद होतो. बसचा पास साडेनऊला सुरू होतो, त्यामुळे पौर्णिमेच्या मागचेपुढचे दोन-तीन दिवस सगळं जुळून येतं. दररोज ती वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता बाक. ही किरकोळ वाटणारी गोष्ट सगळ्यांत जास्त महत्त्वाची आहे. इथल्या सरकारी मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की वर्दळीच्या पायवाटेवर दर ५० मीटरच्या आत बसायला जागा असावी आणि बैठकीची उंची ४७-४८ सेंटिमीटर असावी. हा आकडा उगाच नाही. बैठक ४० सेंटिमीटरवर आली की उठताना गुडघा काटकोनाहून जास्त वाकतो आणि सगळा भार मांडीवर येतो. सत्तरीत तो पेलत नाही. दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उठताना म्हातारा माणूस पायांपेक्षा हातांनी जास्त उठतो. पाठही हवी. कोकणातल्या किनाऱ्यांवर सिमेंटचे बाक बरेच आले आहेत, पण बहुतेकांना हात नाहीत, काही इतके बुटके की बसलेल्याला उठवायला दुसरा माणूस लागतो, आणि कुणाच्या निधीतून ते आले तेवढं मात्र ठळक अक्षरांत रंगवलेलं. तेवढ्याच सिमेंटमध्ये बैठक आठ सेंटिमीटर वर घेता आली असती आणि लोखंडी नळीचे दोन हात बसवता आले असते.

२०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय निशाण, मिळाला, त्यांत गुहागर आणि लाडघरही आहेत. त्यावरून गाड्या, टपऱ्या आणि घोडागाड्या वाळूवरून हटवायच्या का, हा प्रश्न येतोच. मी हटवण्याच्या बाजूचा, निदान गाड्या तरी. मोटारीच्या चाकोऱ्यांनी ओली वाळू खणली जाते आणि चालणाऱ्याचा पाय नेमका त्यातच मुरगळतो. पण त्या निशाणाच्या अटींमध्ये स्वच्छतागृहं आणि अपंगांसाठी सोय याही आहेत, आणि त्यांच्याबद्दल आवाज उठताना दिसत नाही. गुहागरला व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र चालत काही मिनिटांवर आहे, सुरूच्या झाडांची सावली आहे, किनारा मैलोन्‌मैल सरळ आहे. म्हाताऱ्यांच्या सहलीसाठी याहून चांगली जागा सॉल्टबर्नवाल्यांना स्वप्नातही मिळणार नाही. उत्तर समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही १४-१५ अंशांच्या वर फारसं जात नाही, वारा कानात शिरतो, आणि सूर्य बहुतेक वर्षभर जमिनीच्या बाजूलाच मावळतो. निसर्गाने आपल्याला भरभरून दिलं आहे. कमी आहे ती चार बाकांची आणि पाणी असलेल्या, आतून कडी लागणाऱ्या एका शौचालयाची.

इथेही सगळं आलबेल नाही, हे सांगितलं पाहिजे. सार्वजनिक शौचालय चालवणं इथल्या नगर परिषदांवर कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की पहिलं कुलूप तिथेच लागतं. हंगाम संपला की किनाऱ्यावरची बरीचशी बंद. कड्यावरची पाण्याची गाडीही हिवाळ्यात बहुतेक दिवस उभीच. निघण्याआधी चौकशी न करता गेलं तर फजिती ठरलेली.

म्हातारपणी घराबाहेर पडायचं दुसरं निमित्त हातकामाचं, आणि त्याची गोष्टही याच समुद्राशी जोडलेली आहे. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वर्षी सॉल्टबर्नच्या धक्क्याच्या कठड्यावर लोकरीने विणलेले खेळाडू अचानक दिसले. पोहणारे, सायकलवाले, वजन उचलणारे, सगळे एका लांबलचक विणलेल्या पट्टीवर. कुणी केले ते विणणाऱ्यांनी गुप्त ठेवलं. आता इंग्लंडभर लाल टपालपेट्यांवर विणलेल्या टोप्या दिसतात आणि त्या करणाऱ्या बहुतेक निवृत्त बायका. ग्रंथालयात किंवा चर्चच्या दालनात आठवड्यातून एकदा जमायचं, चहा प्यायचा, विणायचं.

या टोपीत नवल काही नाही. रुखवतासाठी क्रोशाचा गोल रुमाल केलेल्या कुठल्याही मराठी बाईला ती येते. 'डबल निटिंग' जाडीची ॲक्रिलिक लोकर आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत प्रत्येक घरात दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक घरात दोन म्हणजे ३६, असे दर फेरीला बारा वाढवत जायचं. अठराव्या फेरीला २१६ खांब होतात आणि गोल साधारण ४३ सेंटिमीटर रुंद भरतो. मग वाढ थांबवून दहा-अकरा फेऱ्या सरळ घातल्या की कडा खाली वळतात. शेवटच्या फेरीत साखळीची नाडी ओवायची. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम लोकर. पेटीचं तोंड आणि टपाल काढण्याच्या वेळांची पाटी झाकायची नाही, हा नियम.

बिघडतं ते दोन-तीन ठिकाणी. गोल वाटीसारखा वर उचलला तर वाढ कमी पडली आहे किंवा हात घट्ट आहे, सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्यावी. झालरीसारख्या लाटा आल्या तर वाढ जास्त झाली. वाढीचे खांब प्रत्येक फेरीत एकावर एक आले की गोलाला कोपरे फुटतात, म्हणून दर फेरीला वाढीची जागा थोडी सरकवायची. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब, हे विसरलं की दर फेरीत एक खांब जास्त भरतो. मुक्या खांबाने विणायचं असेल तर बाराच्या जागी सहाच वाढवायचे, कारण त्याची उंची निम्मी. वर बसवायच्या बाहुल्यांत कापूस भरू नये. पावसाने तो भिजून खाली ओढतो आणि आतून कुजतो. उशीत घालतात तो कृत्रिम भराव लवकर वाळतो.

आपल्याकडे ही कला घरोघरी आहे, पण तिला आज दोनच वाटा उरल्या आहेत. एक तर रुखवत संपलं की कपाटात, नाहीतर बचत गटाच्या प्रदर्शनात विक्रीला. दुसरी वाट गरजेची आहे, कुणाचं तरी घर तिच्यावर चालतं. पण साठी उलटलेल्या, पेन्शन असलेल्या बाईलाही "याचे किती मिळतात?" असंच विचारलं जातं, आणि फार मिळत नाहीत म्हटलं की काम रिकामटेकडं ठरतं. चौकात, समुद्रावर, सगळ्या गावाने पाहावं म्हणून विणलेली वस्तू आपल्याकडे दिसत नाही. भजनी मंडळ गावासाठी गातं, त्याचे किती मिळतात असं कुणी विचारत नाही. विणकामालाही तोच मान मिळाला पाहिजे. सार्वजनिक वाचनालयं आपल्याकडे गावोगाव आहेत आणि दुपारी त्यांची दालनं रिकामी असतात. आठवड्यातून दोन तास, एक घासलेटचा नाहीतर विजेचा स्टोव्ह, चांगला उजेड आणि पाठ असलेल्या खुर्च्या. अंगणवाडीच्या सतरंजीवर बसवलं तर निम्म्याजणी येणार नाहीत.

मुलांकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे येणाऱ्या आईवडिलांना बसचा पास मिळत नाही. पण २०२५ पासून बहुतेक बसगाड्यांना एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त तीन पौंड आहे आणि ग्रंथालयातल्या विणकामाच्या गटात पास, व्हिसा, वय, काहीच विचारत नाहीत. इंग्रजी येत नसेल तरी अडत नाही, सुई आणि लोकर घेऊन शेजारी बसलं की पुरतं. नातवंडं शाळेत गेल्यावर घरात दिवसभर एकट्या बसणाऱ्या आईला तिथे नेऊन सोडणं हे मुलांचं काम आहे. पहिल्या दोन वेळा बरोबर जाऊन बसचा थांबा दाखवावा लागतो. तिसऱ्या वेळेस ती एकटी जाते.