ते तिकीट औरंगाबादच्या ट्रामचं नाही

‘निजामाच्या काळात औरंगाबादेत घोड्याची ट्राम होती, हे घ्या टपाल तिकीट!’ असा फोटो ग्रुपांवर फिरतोय. जरा मोठा करून बघा. किंमत आण्यांत नाही, २० सेंट आहे, आणि देश यूएसए! अमेरिकेने १९८३ मध्ये ट्रामची चार तिकिटं काढली, त्यातलं हे एक. गाडी आर्कान्सातल्या सल्फर रॉक गावची.

औरंगाबादेत ट्राम कधीच नव्हती. स्टेशनवरून गावात यायचं म्हणजे टांगा. मुंबईत होती, तीही ३१ मार्च १९६४ ला बंद पडली.

निजामाच्या तिकिटांवर मराठवाडा मात्र खरंच आहे: १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांवर अजिंठा, रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. आजोबांच्या पेटीत ते सापडलं तर खुशाल फॉरवर्ड करा.