दहा हजार पावले आणि आईचे गुडघे

गेल्या आठवड्यात रात्री पावणेबारा वाजता माझी ७१ वर्षांची आई देवघरापासून फ्रीजपर्यंत येरझाऱ्या घालत होती, कारण मनगटावरचे घड्याळ ८,६०० वर अडले होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या संदेशात बजावले होते की रोज १०,००० पावले झाली नाहीत तर चालणे वाया जाते, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, आणि गुडघे दुखले तरी उरलेली पावले मध्यरात्रीपूर्वी घरातच पूर्ण करावीत.

संघटनेचे नाव ही शुद्ध थाप आहे. तिची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवतात. पावलांचे उद्दिष्ट त्यांत नाही. दहा हजारांचा आकडा रूढ झाला तो १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या 'मान्पो-केई' या यंत्रामुळे, ज्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो.

चालणे वाया जाते, हे तर धादांत खोटे. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या, म्हणजे आईच्याच वयाच्या, १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, म्हणजे चालण्यामुळेच मृत्यू कमी झाले असे त्यातून सिद्ध होत नाही, हे खरे, पण संदेशाला तेवढाही आधार नाही.

सर्वांत संताप येतो तो गुडघ्यांच्या ओळीचा. झीज झालेल्या गुडघ्यांनी थोडे थोडे चालावे आणि दुखणे वाढले की थांबावे, असे आईला तिच्या डॉक्टरांनी बजावले होते. ते एका फॉरवर्डपुढे फिके पडले. शिवाय ज्या यंत्रासाठी हा आटापिटा, ते पोळ्या लाटतानाचे हातही पावले म्हणून मोजते आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की खरी पावले गाळते, हे मी आईच्या मनगटावरच पाहिले आहे.

मोजल्याने माणसे अधिक चालतात, एवढे मात्र कबूल करावे लागते: २००७ च्या एका आढाव्यात पावलांचे मापक वापरणाऱ्यांची रोजची चाल सुमारे अडीच हजार पावलांनी वाढलेली दिसली. म्हणून घड्याळ काढून टाक, असे मी आईला म्हणालेलो नाही.

हा मजकूर मी त्याच गटावर टाकत आहे. तो संदेश पाठवणाऱ्या मामांनी निदान गुडघ्यांची ओळ तरी मागे घ्यावी.