ताडपत्री आणि ढाबळ

मावशी दादरला राहते, कबुतरखान्यापासून चालत पाच मिनिटांवर. घरातल्या एकूण एक खिडकीला नायलॉनची जाळी आहे, एसीच्या डोक्यावर खिळे उभे केलेत, तरी दर दिवाळीला सज्जावरून घमेलंभर विष्ठा आणि पिसं निघतातच. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, महापालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री ओढली तेव्हा तिने मला फोटो पाठवला आणि खाली हात जोडल्याची तीन चिन्हं. ६ ऑगस्टला जमावाने ताडपत्री फाडली, तोही फोटो आला. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

मी गेली चौदा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये, बाझलला राहते. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या आठवड्यात जे काही पेटलं ते मी ट्रॅममध्ये बसून वाचत होते. शहरातले ५१ कबुतरखाने बंद करणार असं सरकारने जुलैत सांगितलं, दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला उच्च न्यायालयाने सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. इथवर विषय फुप्फुसांचा होता. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो. फुप्फुसं आतून राठ होत जातात आणि एकदा राठ झाली की पुन्हा मऊ होत नाहीत. पण दाणे टाकणं जीवदया मानणाऱ्या जैन समाजाच्या आंदोलनाला उत्तर म्हणून मराठी एकीकरण समिती १३ ऑगस्टला रस्त्यावर उतरली तोवर कबुतरं मागे पडली होती. ‘ही मुंबई कोणाची’ हा आपला जुना, हुकमी विषय सुरू झाला. माझा मामेभाऊ तावातावाने लिहीत होता, ‘बाहेरून आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये.’ मी काही लिहिणार होते, पण खिशात माझा परदेशी रहिवाशाचा परवाना होता. गप्प बसले.

आता गप्प बसायचं नाही असं ठरवलंय, कारण ज्या गावात मी राहते त्या गावाने हाच प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि त्याची गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची आहे.

बाझलमध्ये १९६१ ते १९८५ या काळात सापळे लावून आणि गोळ्या घालून सुमारे एक लाख कबुतरं मारली. एवढं करून शहरातली कबुतरं किती उरली? जेवढी आधी होती तेवढीच, वीस हजारांच्या आसपास. कारण सोपं आहे. चिमणीला पिल्लांसाठी किडे शोधावे लागतात. कबुतराला नाही, नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा चोथा तयार होतो आणि पिल्लं सुरुवातीला त्यावरच वाढतात. म्हणजे दाणे भरपूर असतील तर बाराही महिने वीण चालू. जुनी मेली की जागा नव्यांना मिळते, एवढंच. आयतं खाणं मिळालेलं कबूतर थोड्या वेळात पोट भरतं आणि उरलेला दिवस घुमतं, जोडी जमवतं, अंडी घालतं.

हे ओळखून बाझल विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ डॅनिएल हाग-वाकरनागल यांनी १९८८ पासून उलटं धोरण घेतलं. मारायचं नाही, दाणे कमी करायचे. आणि पोस्टरं लावून लोकांना सांगितलं काय? ‘कबुतरं घाण करतात’ असं नाही. सांगितलं की तुम्ही दाणे टाकता म्हणून त्यांची गर्दी होते, गर्दीत रोगराई पसरते, पिल्लं तडफडून मरतात. तुमच्या प्रेमापायी त्यांचे हाल होताहेत. शिवाय देखरेखीखालच्या ढाबळी बांधल्या. तिथे कबुतरांची निगा राखायची, साफसफाई करायची आणि अंडी काढून घ्यायची. सुमारे चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

मला यातली पोस्टरं सर्वांत महत्त्वाची वाटतात. दाणे टाकणारी माणसं इथेही दुष्ट नव्हती. बरीचशी म्हातारी, एकटी. त्यांना कुणी शत्रू ठरवलं नाही, त्यांच्याच दयेच्या भाषेत त्यांच्याशी बोलणं झालं. दादरला जीवदया हा शब्द एका बाजूने घोषणेसारखा वापरला आणि दुसऱ्या बाजूने शिवीसारखा. त्याचा अर्थ कुणी उलगडून सांगितला नाही: जीवदया म्हणूनच दाणे बंद करा.

लंडनचं उदाहरण अनेकजण देतात. नव्वदच्या दशकातल्या त्या गाजलेल्या हिंदी सिनेमात अमरीश पुरी ट्रफाल्गर चौकात दाणे टाकताना दिसतात, आणि २००३ पासून तिथे तेच करायला बंदी आहे. ते खरं. पण बंदी सगळ्यांनाच सुचते. बाझलने काम जास्त केलं.

आता अडचण. ढाबळीत अंडी काढून घेणं आपल्याकडे चालणार नाही. ज्याच्या धर्मात मुंगीवर पाय पडला तरी मन कळवळतं, त्याला अंडी काढा म्हणून सांगणं म्हणजे आगीत तेल. पण बाझलच्या अनुभवात अंड्यांपेक्षा दाण्यांचा वाटा मोठा होता. ढाबळी बाजूला ठेवल्या तरी पहिलं अर्धं काम करता येतं. ते हळूहळू करावं लागतं, एका रात्रीत ताडपत्री ओढून नाही. नंतर महापालिकेने काही ठिकाणी सकाळी दोन तासच दाणे टाकायला परवानगी दिली. ती गणिताने दरमहा कमी करत नेली असती तर मला पटलं असतं. नुसतं कबुतरांना दादरहून दुसरीकडे हाकलायचं असेल तर तिथल्याही खिडक्यांना जाळ्या लागतील.

माझं मत विचाराल तर कबुतरखाना बंद व्हावा. १९३३ सालचं ते बांधकाम मुळात पाण्याचं कारंजं होतं; पुन्हा कारंजंच चालू करावं. पण तो ‘त्यांचा’ म्हणून बंद होऊ नये. आपण काय कमी आहोत? माझी आजी जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती घालायची, उरलेला भात गच्चीवर ठेवायची, आणि त्या पक्ष्यांना कबूतर न म्हणता पारवे म्हणायची. तिच्या लेखी ते विहिरीतले, देवळाच्या शिखरातले शेजारी होते.

हे सगळं मी मामेभावाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, ‘अगं, दोन लाखांच्या आतलं तुझं गाव. आमच्याकडे एका वॉर्डात त्याहून जास्त माणसं. तू ये, महिनाभर मावशीच्या खिडकीत बस, मग लिही.’ बरोबर आहे त्याचं. इथे बसून लिहिणं स्वस्त पडतं.

मावशीला मात्र ढाबळीची गोष्ट आवडली. ‘चार वर्षं लागली म्हणतेस? आमची ताडपत्री चार दिवस टिकली नाही.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘सर्वपित्रीला यंदा पान ठेवलं ना गच्चीवर, कावळा काही येईना. किती हाका मारल्या. शेवटी दोन पारवे उतरले आणि वरणभात संपवून गेले. आता तुझे आजोबा जेवले की नाही, ते तुझ्या त्या प्राध्यापकांना विचारून सांग.’