शेवटची ओळ

आज सकाळी फोन उघडला तर फेसबुक माझं अभिनंदन करत होतं. बायबलमधल्या स्तोत्र 88 वर लिहिलेल्या माझ्या मननाचा रीच म्हणे बाकीच्या पोस्टपेक्षा खूपच जास्त आहे, तर आता प्रोफेशनल मोड चालू करा, कमवायला लागा. खाली निळं बटण. दाबलं नाही. पण अंगठा त्यावर बराच वेळ रेंगाळला, खोटं कशाला बोलू.

चर्चच्या मंडळीतल्या एका ब्रदरना हे सांगितलं तर म्हणाले, "सिस्टर, प्रभूनं दार उघडलंय, आत जा." दिसलं बटण की उघडलं दार! बायबलमधल्या नामान सेनापतीच्या रथामागे धावताना अलीशा संदेष्ट्याच्या चाकराला, गेहजीलाही असंच वाटलं असणार. अलीशानं काही न घेता माणसाला कुष्ठातून बरं केलं, आणि हा पठ्ठ्या मागून जाऊन, तेही धन्याचंच नाव सांगून, दोन किक्कार (जुनं मोठं वजन) चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला. आज असता तर पोस्टखाली क्यूआर कोड चिकटवला असता.

खरा राग त्या पोस्टचाच आहे.

स्तोत्र 88 ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, त्यात शेवटी ऊन पडत नाही. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं कुठेतरी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" म्हणतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार आहे. मी लिहिलं तेव्हा तसंच लिहिलं होतं, अंधारात सोडून दिलं होतं. अकरा लाइक आले. त्यातले चार घरचे.

मग कुणीतरी सुचवलं, शेवट जरा पॉझिटिव्ह कर, लोक शेअर करतील. मी एडिटमध्ये जाऊन एक ओळ जोडली. "पण पहाट होतेच!" उद्गारचिन्हासकट. आणि शेअर झालं की हो, धो धो झालं.

दोन दिवसांनी एका अनोळखी ताईंचा मेसेज आला. जवळचं माणूस गेलेलं. "तुम्ही शेवट बदललात का? मी रोज रात्री वाचत होते. तो अंधार होता तोच बरा होता. माझ्यासारखंच कुणीतरी बोलतंय असं वाटायचं."

मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, देवाच्या वचनाची भेसळ करणाऱ्यांतले आम्ही नाही. तिथला ग्रीक शब्द किरकोळ विक्रेत्यांचा आहे, द्राक्षारसात पाणी घालून विकण्याबद्दल बदनाम असलेल्यांचा. माझी पहाट म्हणजे तेच पाणी. आणि तेव्हा तर मला एक दमडीही मिळत नव्हती! नुसत्या अंगठ्यांसाठी मी एवढं केलं. पैसे सुरू झाले असते तर काय काय पातळ केलं असतं?

हो, मजूर आपल्या मजुरीला योग्य आहे, ठाऊक आहे. सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी, हेही पौलानंच लिहिलंय. पुढच्याच वचनात तो म्हणतो की मी हा हक्क वापरला नाही. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर राहुट्या शिवत होता. कुणी पुस्तक छापून विकत असेल तर विकू दे, छपाई फुकट होत नाही. पाळकांच्या पगाराबद्दल तर मी बोलतच नाहीये. मी बोलतेय सकाळी उठून प्रार्थनेआधी डॅशबोर्ड बघण्याबद्दल. "आमेन टाइप करा, आशीर्वाद मिळवा" बद्दल. उपास धरला, दान दिलं तर त्याचाही रील करण्याबद्दल. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू देऊ नका असं येशूनं म्हटलं होतं, इथे डाव्या हातात ट्रायपॉड आहे.

जाऊ दे, फार चढला आवाज. त्या ब्रदरचा हेतू वाईट नव्हता, माझ्या अडचणी त्यांना माहीत आहेत. आणि खरं सांगायचं तर ही पोस्ट टाकल्यावरही मी तासाभरात किती लाइक आले ते बघणारच आहे. सवय आहे, सुटता सुटत नाही.

दुपारी एक काम मात्र केलं. त्या पोस्टवर गेले, एडिट दाबलं आणि पहाट खोडली. खाली "आमेन, पहाट होतेच" म्हणणाऱ्या सगळ्या कमेंट आता लोंबकळत राहिल्यात, वाचणाऱ्याला काही कळणार नाही. राहू देत.

ताई, तुमच्या मेसेजला आठ महिने झाले. अजून वाचत असाल तर, शेवट परत आधीसारखा केलाय.